एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

घाटाखालच्या एका तालुक्याच्या गावी, कोर्टासमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. आधी ते वडिलांचं होतं. त्यांच्या टाइपरायटरच्या जागी आता कॉम्प्युटर नि प्रिंटर आला, वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून घेतलीय, पण लोक अजून "टाइप करायचं हाय" असंच म्हणत येतात. प्रतिज्ञापत्रं, जामिनाचे अर्ज, वारसाचे अर्ज, नावातली दुरुस्ती. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडचं लिहून लिहून मला एक वाईट खोड लागली. लोक बोलतात त्यापेक्षा मी ते चांगलं लिहिते, असं मला वाटायला लागलं. कोणी "मले कायी मालूम नाई" म्हणालं, की मी "सदर बाबीची मला कोणतीही माहिती नाही" असं लिहायची आणि मनात म्हणायची, बघा, आता कसं वजन आलं. या खोडीनं एका माणसाचं काय झालं ते सांगायचंय. घरी सांगून झालं, देवासमोर सांगून झालं, तरी पोटातून जात नाही.

आमच्या बाजार समितीच्या आवारात हमालांची संघटना आहे. तिचे अध्यक्ष सत्तरीकडे झुकलेले. पोत्यांनी पाठीला दिलेला बाक आता रिकाम्या अंगानं उभे राहिले तरी जात नाही. संघटनेची पत्रं मी टाइप करायची, म्हणून तिचा ईमेलही मीच काढून दिलेला. जगभरातल्या हमालांचा आणि गोदी कामगारांचा एक मोठा संघ आहे, त्यात अध्यक्षांनी कधीकाळी नाव नोंदवलं होतं. तिकडून मेल यायचे आणि मी ते न वाचता पडू द्यायची. फुकटचं काम, आणि वर इंग्रजी. तो एक मेल उघडला तो त्यातल्या फोटोमुळं.

फोटोत एक काळा माणूस होता. ओठ मिटलेले, नजर सरळ समोर, आणि छातीशी नंबराची पाटी. सातासमुद्रापलीकडच्या एका बंदरात तो बोटींवरचा माल उतरवायचा. तिथल्या मुकादमाला कोणीतरी मारलं आणि मुकादम मेला. एका साक्षीदारानं धुक्यातून, लांबून, एक पाठ पाहिली आणि ती ह्याचीच म्हणून सांगितलं. निवाडा करायला बसवलेल्या बारा जणांत ह्याच्या रंगाचा एकही नव्हता. जन्मठेप झाली. आता वरच्या कोर्टात अपील होतं, आणि त्याच्या सोबत्यांनी जगभरच्या कामगारांना विनवलं होतं, की आमच्या माणसासाठी चार ओळी लिहा. कोर्टाला कळू द्या की कोणीतरी बघतंय.

मी प्रिंट काढली आणि अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, "तुमीच या ताई, जेवनाच्या सुट्टीत. सगळ्यायले वाचून दाखवा. मले एकट्याले सांगून काय फायदा?"

दुपारी शेडमध्ये गेले. रिकाम्या पोत्यांवर बसून मंडळी भाकरी खात होती. मी वाक्यावाक्याला थांबून मराठीत सांगत गेले. बारा जणांचं ऐकून एकजण म्हणाला, "बारा मानसं? आपल्याकडं तं एकच सायेब ऱ्हायते."

"बारा असले म्हनून काय झालं बे? बाराच्या बारा एकाच बाजूचे असतीन तं?" दुसरा म्हणाला.

फोटो हातोहात फिरत होता. बहुतेकांनी पाहिला, मान हलवली आणि पुढं दिला. मग तो एका बारीक चणीच्या, तिशीतल्या माणसाकडं गेला. त्यानं भाकरीचा हात सदऱ्याला पुसला, कागद दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हा आपलाच मानूस हाय ना बाप्पा. त्याले बी बिल्ला हाय, पाहा."

तेव्हा सगळे उठून पुन्हा बघायला आले. आवारातल्या प्रत्येक हमालाला समितीचा पितळी बिल्ला असतो, त्यावर नंबर. खिशाला तो नसला तर पोत्याला हात लावता येत नाही. त्यांच्या हिशेबी छातीवर नंबर म्हणजे कामाला लागलेला माणूस. ती पाटी तुरुंगाची आहे, अटक केल्यावर असा फोटो काढतात, हे मला ठाऊक होतं. कोर्टासमोर बसून जन्म गेलाय माझा. मी सांगायला तोंड उघडलं सुद्धा. पण दीडशे माणसं त्या कागदावर अशी वाकली होती, जणू आता एक नवा भिडू कामावर आलाय आणि त्याची ओळख करून घ्यायचीय. म्हटलं, राहू दे. सांगू कधीतरी. खोट्यानं जर भलं होत असेल तर आपल्या बापाचं काय जातं!

बिल्ल्याचं इतकं का, तेही सांगायला हवं. फार पूर्वी याच शेडमध्ये पाण्याच्या माठावरून भांडण झालं होतं. कोणी प्यायचं, कोणी वरून ओतून घ्यायचं. तेव्हा अध्यक्ष तरुण होते. त्यांनी नियम केला, की आवाराच्या फाटकाच्या आत कोणाला आडनाव नाही. आडनाव आलं की मागोमाग जात येते. इथं फक्त नंबर. तेव्हापासून हाक नंबरानं, हजेरी नंबरानं. "बारा!" "हाजर." "सतरा!" "हाजर." हजेरीच्या वहीतही नुसते नंबर, नाव एकही नाही. कोर्टात रोज ढिगानं कागद बघणारी मी, मला त्या वहीचं फार कौतुक वाटायचं. ती वही एक दिवस कोर्टात जाईल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं.

फोटो ओळखणारा तो एक्केचाळीस. गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीवरचा, बेड्यावरचा. गोऱ्यांच्या राज्यात त्याच्या सगळ्या जमातीला जन्मजात गुन्हेगार म्हणून कागदावर लिहिलं होतं. तो कायदा गेला, नजर राहिली. गावात कुठं कुलूप तुटलं की पहिली गाडी बेड्यावर जाते, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही. फाटकाच्या आत मात्र तो एक्केचाळीस होता आणि एवढ्यावर तो इतका खूश होता, की घरी बायकोही त्याला चेष्टेनं एक्केचाळीस म्हणायची.

पत्र लिहायचं ठरलं तेव्हा तो माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. "ताई, त्या मानसाले माह्याकडून सांगा," म्हणाला. "म्या एकोनीस वर्साचा होतो. देवळाची दानपेटी फुटली, त आमच्या बेड्यावरचे चार पोट्टे उचलले. अकरा दिवस बसवून ठेवलं. मंग खरा चोर अकोल्याकडं घावला आन आमाले सोडून देल्लं. केस नाई, कायी नाई. त्याले म्हना, घाबरू नोको. मले सोडलं, तुले बी सोडतीन."

मी हो म्हटलं. घरी जाऊन रात्री जेवणं आटोपल्यावर इंग्रजीत पत्र लिहिलं आणि मन लावून लिहिलं. एक्केचाळीसपाशी आले तेव्हा लिहिलं, की आमच्यात एक्केचाळीस नंबरचा एक माणूस आहे, ज्याच्या जमातीला कायद्यानं जन्मजात चोर म्हटलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याला चोरीसाठी अटक झाली. तुमच्या कोठडीची भिंत त्याला ठाऊक आहे. तिथं मी थांबले. पुढं सुटकेचं लिहून पाहिलं, पण वाक्य लांबायला लागलं, आधीचा जोर जायला लागला. मी ते खोडलं. त्याला जे एकच सांगायचं होतं तेच मी खोडलं, आणि वर खुर्चीत मागं टेकून चहा मागितला.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पत्र वाचून दाखवलं ते इंग्रजीतच. मधे मधे अर्थ सांगितला, सगळा नाही. टाळ्या पडल्या. मग अंगठे. ज्यांना सही येते त्यांनीही अंगठाच दिला. ज्यांना येत नाही त्यांना वाईट वाटू नये म्हणून ही तिथली जुनी रीत. अंगठा, पुढं बिल्ल्याचा नंबर. चार पानं भरली. मग दुपारी त्या परक्या माणसासाठी अर्धा तास पोती खाली ठेवायची ठरली. तेव्हा आवारात गाड्यांची रांग होती आणि एक जिनिंगवाले शेठ खोळंबले होते. ते शेडच्या दाराशी येऊन म्हणाले, "तुमचं नि त्या काळ्याचं नातं काय हो? आज त्याच्यासाठी बसले, उद्या कोणासाठी बसाल?" हमाल हसले, शेठही हसले. मीही हसले.

पत्राचा मराठी अनुवाद मीच गावच्या एका साप्ताहिकाला दिला. कोणी मागितला नव्हता. छापून आला, शेवटच्या पानावर, पण चौकटीत. अध्यक्षांनी कात्रण शेडच्या फळ्यावर चिकटवलं. आठ-पंधरा दिवसांनी एक पोलीस शेडजवळच्या टपरीवर चहा प्यायला थांबला, कप हातात घेऊन फळ्यापाशी गेला, सगळं कात्रण वाचलं आणि मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. मला कोणीतरी अभिमानानं सांगितलं, "ताई, पोलीस बी वाचून राह्यले तुमचं." माझी छाती फुगली. तेव्हाच ते कात्रण उतरवायला हवं होतं.

तिकडून उत्तर आलं. फार प्रेमाचं होतं. त्यांनी आमचं पत्र त्यांच्या कोर्टात दिलं होतं, त्या माणसाला तुरुंगात वाचून दाखवलं होतं. शेवटी एक शंका विचारली होती: तुम्ही सगळे तुरुंगात आहात का? प्रत्येकापुढं अंगठ्याचा ठसा आणि नंबर आहे, आडनाव कोणालाच नाही. तुमचा गुन्हा काय आहे ते कळवा, आम्ही तुमच्यासाठीही लिहू.

शेडमध्ये मी हे सांगितलं तेव्हा लोक पोट धरून हसले. एकमेकांना "कोन्त्या गुन्ह्यात आला बे?" म्हणून विचारायला लागले. अध्यक्षसुद्धा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. एक्केचाळीस मात्र सगळ्यात शेवटी हसला, तेही थोडंच. म्हणाला, "असं बोलू नये राजेहो. वाचा फळते."

दिवाळी झाली, कापसाचा हंगाम सुरू झाला. एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला, गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये चोरी झाली. तांब्याची तार गेली आणि चौकीदाराच्या डोक्यात रॉड बसला. चौकीदार वाचला, पण कितीतरी दिवस धड बोलू शकत नव्हता. त्यानं सांगितलं ते इतकंच: पाठमोरा पाहिला, बारीक होता, काळा होता. या वर्णनात अर्धा तालुका बसतो. रंगानं मीही बसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी बेड्यावर गेली नाही, सरळ बाजार समितीत आली. हजेरी चालली होती. साहेब खाली उतरले, हातातल्या मोबाइलमध्ये बघितलं आणि शेडकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "एक्केचाळीस कोण?"

सवयीनं तो म्हणाला, "हाजर."

अध्यक्ष मला सांगतात, की तो म्हणाला आणि लगेच त्याच्या लक्षात आलं. हात अर्धा वर गेला होता तो तसाच राहिला. फाटकाच्या आत त्याला कधी कोणी त्याच्या जातीनं हाक मारली नव्हती. त्या दिवशीही मारली नाही. खिशाचा बिल्ला काढून घेतला, पिशवीत घालून सील केलं, पंचनाम्यावर मुद्देमाल म्हणून लिहिलं, आणि त्याला गाडीत बसवलं. दुपारी माझ्याकडं कागद आले, त्यात त्याचं पूर्ण नाव होतं, आणि खाली जातीच्या रकान्यात जात.

मी घाबरले नव्हते. खरंच नव्हते. उलट अध्यक्षांना म्हटलं, "काका, काळजी करू नका. ज्या वेळी चोरी झाली त्या वेळी तो सोयाबीनचा ट्रक भरत होता ना? दहा जण सोबत होते. वहीत हजेरी आहे. जामीन काय, केसच उभी राहणार नाही." संघटनेनं दिलेल्या वकिलांनाही तसंच वाटलं. वही मी स्वतः झेरॉक्स केली. त्या तारखेला, त्या ट्रकपुढं, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: ४१.

सरकारी पक्षाचं म्हणणं चार दिवसांनी आलं. वकिलांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. इंग्रजी अर्जाला जोडायला त्याचं भाषांतर हवं होतं. पहिला मुद्दा वहीचा. वहीत अर्जदाराचं नाव कुठंही नाही, केवळ एक आकडा आहे, आणि बिल्ला कोणीही लावू शकतो. दहा साक्षीदार त्याच संघटनेचे, म्हणजे घरचेच. मी दात-ओठ खात टाइप करत होते. मग दुसरा मुद्दा आला. अर्जदार हा चोरीच्या सवयीचा आहे. त्यास वयाच्या एकोणिसाव्या वर्षी चोरीसाठी अटक झाली असल्याचं त्याच्याच संघटनेनं जाहीरपणे छापलं आहे. कात्रण सोबत जोडलं आहे.

माझं वाक्य. माझ्याच शब्दांत, माझ्याच जोरासकट. ते मी मराठीतून पुन्हा इंग्रजीत केलं, कारण ते माझं काम होतं. बोटं चालत होती. लोक म्हणतात, करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. इथं मारुतीही झाला नाही. इथं एका माणसाच्या गळ्यात मी माझ्या हातानं धोंडा बांधला होता आणि त्याला वर चौकट काढून घेतली होती.

वकील म्हणाले, सुटकेचं सांगू की आपण. पण त्या अकरा दिवसांचा कागदच कुठं नव्हता. अटक दाखवलेलीच नव्हती, म्हणजे सुटकाही नाही. कागदावर त्याच्याबद्दल एकच नोंद होती आणि ती मी केलेली.

राहिला बिल्ल्याचा मुद्दा. अध्यक्षांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं ठरलं, की एक्केचाळीस म्हणजे हाच माणूस आणि बिल्ला त्याच्याशिवाय कोणी लावत नाही. मी टाइप करायला लागले तशी त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तसं नोका लिहू ताई. बिल्ला कवा कवा दुसरा लावते. एखादा बिमार पडला त त्याचा भाऊ, नाई त शेजारी, त्याचा बिल्ला लावून पाळी करते, म्हंजे पाळी जात नाई. सगळ्या बजाराले मालूम हाय. लिहा, का असं होते, पन त्या दिसी तोच होता. म्या सोता पाहिला."

वकील वैतागले. "काका, अर्धं पुरे आहे. दुसरा बिल्ला लावतो हे आपण कशाला सांगायचं?"

अध्यक्ष वकिलांकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. आवाज चढवला नाही. "अर्धं लिहिलं का काय होते, ते आपन पाहिलं ना," म्हणाले.

मी पूर्ण लिहिलं. आणि त्या पूर्ण लिहिण्याचाही उपयोग झाला नाही. सरकारी वकिलांनी तेवढीच ओळ उचलली: अध्यक्ष स्वतः मान्य करतात की बिल्ला दुसराही लावतो. जामीन नामंजूर झाला. न्यायाधीश साहेब काही रागावून बोलले नाहीत. शांतपणे वाचलं, शांतपणे सांगितलं आणि पुढचं प्रकरण पुकारलं गेलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तिथं निदान आरडाओरडा तरी होत असेल. इथं पंख्याचा आवाज तेवढा होता.

त्याच दिवशी मी त्या बंदरातल्या लोकांना लिहिलं. या वेळी काही खोडलं नाही. दानपेटी, अकरा दिवस, सुटका, माझी चूक, बिल्ला, वही, सगळं. वाक्यं लांबली, लांबू दिली. तिकडून महिन्याच्या आत टपालानं जाड पाकीट आलं. त्या बंदरात एक तास बोटी तशाच उभ्या होत्या, आमच्या माणसासाठी. आणि पाकिटात कागद होते, त्यावर निळ्या शाईत अंगठेच अंगठे, प्रत्येकापुढं त्यांच्या गोदीच्या पासाचा नंबर. आडनाव एकालाही नाही. त्यांना वाटलं असावं, की इकडं कोर्टाला असंच लिहितात. सगळ्यात वर जो अंगठा होता तो तुरुंगातून पाठवलेला होता, त्या फोटोतल्या माणसाचा.

वकिलांनी ते पुढच्या तारखेला दाखल करायचा प्रयत्न केला. कोण लोक, कुठले, यांचा इथल्या गुन्ह्याशी संबंध काय, असं विचारलं गेलं आणि ते कागद परत हातात आले. ते योग्यच होतं म्हणा; अंगठ्यांनी चोरी झाली नाही असं सिद्ध होत नाही. दोन दिवसांनी एकजण माझ्या टेबलापाशी आला. साध्या कपड्यात होता, पण बूट पोलिसाचे. "परदेशातली पत्रं तुमच्याच मेलवर येतात ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "बरं बरं, येऊ द्या," म्हणाला आणि गेला. तेव्हापासून टेबलासमोरून कोणी हळू चालत गेलं, की माझी बोटं चुकीचं अक्षर दाबतात.

फळ्यावरचं कात्रण अध्यक्षांनी स्वतः नखानं खरवडून काढलं. तिथं आता ते अंगठ्यांचे कागद लावलेत. हजेरीत चाळीसनंतर मुकादम क्षणभर थांबतो, मग बेचाळीस म्हणतो. वहीत मात्र बदल झाला: नंबराखाली आता पूर्ण नावं लिहितात. वकिलांनीच तसं सांगितलं. आडनावासकट. माठ अजून एकच आहे, पण परवा मी पाहिलं, दोघं-तिघं घरून पाण्याच्या बाटल्या आणायला लागलेत.

मागच्या तारखेला त्याला बुलढाण्याच्या जेलमधून आणलं. गाडी घाट उतरून यायला उशीर झाला होता, म्हणून व्हरांड्यात गर्दी कमी होती. तिकडच्या माणसाच्या अपिलाची सुनावणी जवळ आली होती. शेडनं त्याच्यासाठी दुसरं पत्र केलं होतं, अंगठेही झाले होते. अध्यक्षांनी चाळिसाच्या आणि बेचाळिसाच्या मधे एक ओळ कोरी सोडायला लावली आणि मला म्हणाले, "ह्या ओळीचं तुमीच पाहा."

मी शाईचा पॅड आणि कागद घेऊन व्हरांड्यात गेले. तो बाकावर बसला होता, एक हात हवालदाराच्या हातात. आणखी बारीक झाला होता. मी काय विचारायला आलेय ते सांगितलं. हवालदार माझ्या रोजच्या बघण्यातले. ते म्हणाले, "लवकर उरका बाई," आणि दुसरीकडं बघायला लागले.

त्यानं अंगठा पॅडवर ठेवला नाही. म्हणाला, "ताई, मले जेलात नेलं तवा फोटो काढला. छातीपाशी पाटी धराले लावली. नंबराची."

मी कागद बाकावर ठेवला.

"त्या मानसाचा तो बिल्ला नोता ना?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमाले तवाच मालूम होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वजनदार वाक्यं लिहिणारी मी, एक साधं वाक्य तोंडातून निघेना. मी होकारार्थी मान हलवली. तो रागावला असता, ओरडला असता, तर मला बरं वाटलं असतं. तो फक्त बघत राहिला, त्या दिवशी फोटोकडं बघितलं होतं तसा.

मग त्यानं पॅड स्वतःकडं ओढला, अंगठा शाईत दाबला आणि कोऱ्या ओळीवर नीट, हळू उमटवला. "फुडं नंबर कोन्ता लिहिता?" त्यानं विचारलं. "एक्केचाळीस तं मुद्देमालात हाय."

मी पेन हातात धरून उभी होते. त्यानं मला जेलातला कच्च्या कैद्याचा नंबर सांगितला. एकदा सांगितला, मग एकेक आकडा पुन्हा सांगितला, म्हणजे मी चुकू नये.

"हा लिहा. मंग त्यायले पुन्हा इचाराचं काम नाई, का तुमी जेलात हाय का म्हनून." पुकारा झाला, हवालदारांनी त्याला उठवलं. जाता जाता तो वळला. "आन ताई, दुसरं कायी लिहू नोका."

मी तेवढा नंबर लिहिला आणि कागद पिशवीत ठेवला.